मुलांचा मेंदूज्वर आणि पाठीतल्या पाण्याची जनुकीय तपासणी : पालकांसाठी माहितीपत्रक

मुलाला मेंदूज्वराची शंका आली की डॉक्टर म्हणतात, ‘पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढावं लागेल’, आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो एकच: पोर लुळं तर पडणार नाही ना? आमच्या प्रयोगशाळेच्या काउंटरवरही हाच प्रश्न येतो, म्हणून आधी तोच घेऊ. नाही पडत. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. तिथे पाण्यात सुटे असतात ते फक्त नसांचे धागे. लहान मुलाचं एक-दोन मिलिलिटर पाणी घेतात आणि शरीर ते लवकरच भरून काढतं. डोक्यातला दाब वाढलेला असेल, तर डॉक्टर सुई घालणं लांबणीवर टाकतात. तो निर्णय त्यांचाच.

हे पाणी निरोगी असेल तर नळाच्या पाण्यासारखं नितळ दिसतं. त्यातल्या पेशी, साखर, प्रथिनं मोजतात, कल्चर लावतात (जंतू वाढवून बघतात) आणि ठरावीक जंतूंसाठी पीसीआर, म्हणजे त्यांची जनुकं शोधणारी चाचणी, करतात. बऱ्याच मुलांचं निदान इथेच होतं. अडचण अशी की पीसीआरला आधी सांगावं लागतं, ‘अमुक जंतू शोध’. मेंदूज्वरासाठी मोठ्या रुग्णालयांत वापरतात त्या एका प्रचलित पॅनेलमध्ये, म्हणजे एकदम अनेक जंतू शोधणाऱ्या पीसीआरमध्ये, १४ जंतू आहेत. डेंगी, चिकुनगुन्या, लेप्टो, जपानी मेंदूज्वर, क्षय यांपैकी त्यात एकही नाही.

जनुकीय तपासणीत असं नाव सांगावं लागत नाही. पाण्यात जेवढा डीएनए आणि आरएनए असेल तेवढा सगळा तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो. त्यातले बहुतेक तुकडे मुलाचे स्वतःचे असतात. संगणक ते बाजूला काढतो आणि उरलेले ज्ञात जंतूंच्या जनुकांशी ताडून बघतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या १४ वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जन्मतःच प्रतिकारशक्ती दुबळी, ताप आणि डोकेदुखीने चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात, त्यात झटके. मेंदूचा तुकडा काढून तपासला तरी काही कळेना. शेवटी त्याच्या पाठीतल्या पाण्यातले ३० लाखांहून अधिक तुकडे वाचले. त्यांतले ४७५ लेप्टोस्पायराचे निघाले. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ज्याची धास्ती असते तोच लेप्टो. औषध साधं, पेनिसिलिन. ३२ दिवसांनी मुलगा घरी गेला.

बांगलादेशातही ढाक्यातल्या संशोधकांनी निदान न झालेल्या मुलांचे साठवलेले नमुने असेच वाचले, तेव्हा २०१७च्या साथीतला चिकुनगुन्या मुलांच्या मेंदूपर्यंत पोचल्याचं कळलं. तोवर तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आता आमच्याच मालाची उणी बाजू. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने सात वर्षांतल्या ४,८२८ नमुन्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या १४.४ टक्के नमुन्यांतच जंतू सापडला, आणि खरोखर संसर्ग असलेल्यांपैकी साधारण ६३ टक्के या तपासणीने पकडले. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून मूल निरोगी, असा अर्थ काढू नका. क्षयाच्या मेंदूज्वरात पाण्यात जंतू फार विरळ असतात. जपानी मेंदूज्वरात मूल दाखल होईपर्यंत विषाणू पाण्यातून बहुधा नाहीसा झालेला असतो. तिथे अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, आयजीएम चाचणीच खरी. मेंदूची सूज शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे असेल, तर आम्हाला काहीच दिसणार नाही.

चांदीपुराची शंका असेल तर आमच्या अहवालाची वाट बघू नका. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला हा विषाणू एक-दोन दिवसांत मुलाला घेरतो, आमच्या अहवालाला त्याहून जास्त वेळ लागतो. डॉक्टर तो नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवतील. कोणत्याही मेंदूज्वरात अँटिबायोटिक आमच्या कागदासाठी थांबवायचं नसतं. म्हणून आमचा सल्ला असा की नेहमीच्या तपासण्या गप्प बसल्या, मूल सुधारत नाही, किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, तेव्हाच हा खर्च करा. पहिल्याच दिवशी नको.

अहवालात एखादं भयंकर नाव दिसलं तर मोबाइलवर शोधत बसू नका. एक वडील रात्री अकराला फोनवर जवळजवळ रडत होते, ‘क्युटीबॅक्टेरियम’ सापडलं म्हणून. तो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहतो, सुईबरोबर नळीत येतो. असे पाहुणे अहवालात वेगळ्या रकान्यात असतात. त्यांचा अर्थ बालमेंदूतज्ज्ञांनीच लावायचा.

नमुन्याबद्दल एक विनंती. मागे एका गावाहून आजोबा नळी शर्टाच्या खिशात घालून एसटीने आले, मे महिन्यात. अशा उन्हातल्या प्रवासात आरएनए टिकेलच असं नाही, आणि मुलाला पुन्हा टोचायला कोण तयार होणार? आता कोरड्या बर्फाचा डबा घेऊन आमचा माणूस रुग्णालयात येतो. पाणी काढायची वेळ ठरली की आधी फोन करा, आणि एक नळी या तपासणीसाठी न उघडता वेगळी ठेवायला परिचारिकेला सांगा.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मुलाच्या स्वतःच्या जनुकांच्या माहितीचं काय होतं ते विचारा. आम्ही ती पुसून टाकतो, आणि तसं लिहूनही देतो.