कर्नलच्या शेपटीला बांधलेला नकाशा

एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंक कंपनीच्या काही जुन्या नॅस डब्यांबद्दल, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या डिस्कच्या डब्यांबद्दल, एक बातमी आली. डीएनएस-३२०एल, डीएनएस-३२५, डीएनएस-३२७एल आणि डीएनएस-३४०एल ही ती मॉडेलं. डब्याच्या वेबपानामागच्या एका प्रोग्रॅममध्ये बिनपासवर्डाचं एक खातं कारखान्यातूनच आलेलं होतं, आणि त्यातून डब्याला हवी ती कमांड देता येत होती. हे भोक शोधणाऱ्याच्या मोजणीप्रमाणे असे ९२ हजारांहून जास्त डबे इंटरनेटवर उघडे होते. कंपनीने सांगितलं की ही मॉडेलं मुदतबाह्य आहेत, दुरुस्ती येणार नाही, डबा बदला.

मला यातलं शेवटचं वाक्य पटलं नाही. भोक होतं ते कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये. चिप, मेमरी, नेटवर्कचं पोर्ट, डिस्कची जागा यांत काहीच दोष नव्हता. दाराची कडी तुटली म्हणून कोणी घर पाडत नाही, कडी बदलतो. इथे कडी म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, आणि ते मुळापासून बदलता येतं. डीएनएस-३२५ मध्ये मार्व्हेल कंपनीची 'कर्कवूड' चिप आहे. हा १.२ गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आणि सोबत २५६ मेगाबाइट रॅम. आत लिनक्सच चालतं, फक्त २.६ मालिकेतलं, म्हणजे दीड दशकापूर्वीचं. याच चिपवर आजचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालतो. लिनक्सच्या मूळ सोर्समध्ये या मॉडेलची फाइल आजही आहे.

इथे बहुतेकांचा पहिला गैरसमज होतो. पीसीवर पेनड्राइव्हने लिनक्स टाकतात तसंच इथेही टाकायचं असं वाटतं. तसं होत नाही, आणि का होत नाही तो भाग मला या साऱ्या विषयात सगळ्यात जास्त आवडतो.

पीसी सुरू होतो तेव्हा त्यातल्या बऱ्याच भागांना विचारता येतं. कर्नल पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं जोडलेल्या सामायिक वाटेवर, हाक मारतो, 'तू कोण?', आणि तिथलं कार्ड आपला नंबर सांगतं. उरलेलं बायॉस, म्हणजे पीसीतला सुरुवातीचा पक्का प्रोग्रॅम, सांगतं. म्हणून एकच लिनक्स लाखो वेगवेगळ्या पीसींवर चालतं. नॅसच्या एआरएम चिपमध्ये हा संवादच नाही. नेटवर्क, साटा (डिस्कची जोडणी), सिरियल पोर्ट (मजकूर पाठवायची साधी तार) हे सगळे चिपच्या पोटातच असतात आणि प्रत्येकाला मेमरीतला एक पत्ता ठरवून दिलेला असतो. कर्कवूडमध्ये सिरियल पोर्ट ०xएफ१०१२००० या पत्त्यावर, पहिलं नेटवर्क पोर्ट ०xएफ१०७२००० वर, साटा ०xएफ१०८०००० वर. हे पत्ते ठाऊक असतील तर त्या जागी लिहा-वाचायचं. ठाऊक नसतील तर कोणीही हाकेला ओ देत नाही. यूएसबीला लावलेल्या वस्तूला विचारता येतं, पण यूएसबीचा नियंत्रक कुठे बसलाय हे आधी माहीत हवं.

शिवाय एकच चिप वापरून दहा कंपन्या दहा डबे करतात. चिपच्या पत्त्यांत फरक नसतो, पण कोणत्या पिनेला दिवा, कोणत्या पिनेला पंखा, कोणत्या पिनेने डिस्कला वीज मिळते हे प्रत्येक डब्यात निराळं. डिस्कच्या विजेची पिन कर्नलला कळली नाही तर डिस्क फिरतच नाही, आणि माणूस डिस्क बिघडली असं समजून ती बदलायला धावतो.

मग पूर्वी कर्नलला हे कळायचं कसं? एका आकड्याने. कर्नल सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर, आणि या डब्यांत तो बहुधा यू-बूट असतो. कर्नलकडे ताबा देताना तो प्रोसेसरच्या तीन रजिस्टरांत, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यांत, तीन गोष्टी ठेवतो. आर-० मध्ये शून्य, आर-१ मध्ये यंत्राचा नोंदणी क्रमांक, आर-२ मध्ये एका यादीचा पत्ता. त्या यादीत रॅम किती आणि कर्नलला द्यायच्या सूचना काय, हे असतं. शीवाप्लग नावाच्या कर्कवूड यंत्राचा क्रमांक २०९७. कर्नल २०९७ वाचून आपल्या पोटातली शीवाप्लगची सी भाषेतली फाइल चालवायचा. नवा डबा आला की नवा क्रमांक आणि नवी फाइल. असे हजारो क्रमांक नोंदले गेले. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स एआरएमच्या या पसाऱ्यावर उघडपणे संतापले, आणि त्यानंतर बदलाला वेग आला.

तो बदल म्हणजे डिव्हाइस ट्री. कल्पना जुनी आहे, ओपन फर्मवेअर नावाच्या, संगणक सुरू करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमच्या काळातली. डब्याचं वर्णन कर्नलच्या कोडमधून बाहेर काढायचं आणि एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं. चिप कोणती, कोणत्या पत्त्यावर काय, कोणत्या पिनेला काय, असा अख्खा नकाशा. तो काही किलोबाइटांच्या बायनरी फाइलमध्ये बसतो. कर्नल तोच, डब्यागणिक नकाशा वेगळा. डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ पासून अनेक जातींच्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागला, तो याच जोरावर.

पण २००९-१० च्या डब्यातल्या यू-बूटला नकाशा हा प्रकारच माहीत नाही. तो बिचारा क्रमांक आणि यादी देतो आणि बाजूला होतो. बूटलोडर बदलायचा म्हटलं तर मधेच वीज गेली की डबा मेला. मग नवा कर्नल जुन्या बूटलोडरकडून नकाशा घेणार कसा?

कर्नल लिहिणाऱ्यांनी याला जे उत्तर काढलं ते मला अजूनही थक्क करतं. नकाशाची फाइल कर्नलच्या फाइलला मागून चिकटवायची, बस्स. एका फाइलचे बाइट संपले की लगेच दुसरीचे सुरू. बूटलोडरच्या दृष्टीने ती एकच, थोडी लांबलेली फाइल असते, आणि तो ती नेहमीसारखी रॅममध्ये ठेवतो. कर्नल दाबलेल्या रूपात असतो आणि स्वतःला उलगडणारा छोटा कोड त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. हा कोड पुढे जाण्याआधी स्वतःच्या शेपटीपाशी डोकावतो. कर्नल जिथे संपतो तिथले पुढचे चार बाइट डी-००-डी-एफ-ई-ई-डी असे आहेत का? हा सोळा-आधारी आकडा म्हणजे डिव्हाइस ट्रीची खूण. खूण सापडली की आर-२ मधल्या जुन्या यादीऐवजी हा नकाशा धरायचा. तरी यादी फेकून देत नाहीत, कारण प्रत्यक्ष रॅम किती बसवली आहे ते बूटलोडरलाच ठाऊक. म्हणून उलगडणारा कोड यादीतला रॅमचा आकडा आणि सूचना उचलून नकाशात भरतो आणि मग कर्नलला हाक देतो. जुन्याने दिलेलं आणि नव्याने मागितलेलं, दोन्ही त्या छोट्याशा कोडमध्ये जुळतं.

हे चुकलं तर काय होतं ते पाहायला डब्याच्या आतल्या सिरियल पिना लागतात. तीन तारा पुरतात, ग्राउंड, पाठवण्याची आणि घेण्याची. व्होल्टेज ३.३, वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. पीसीचं जुनं सिरियल पोर्ट थेट जोडू नका, त्याच्या व्होल्टेजने चिप जळते. मी पहिल्यांदा तारा जोडल्या तेव्हा पडद्यावर यू-बूटच्या ओळी भराभर आल्या आणि शेवटी ही ओळ आली, 'अनकंप्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल.' त्यानंतर काहीच नाही. दिवा स्थिर, पंखा सुरू, पडदा मुका. मी नकाशा चिकटवलाच नव्हता. कर्नल उलगडला होता, पण बोलायचं कुठून ते त्याला माहीत नव्हतं. दोन्ही फाइली जोडून पुन्हा चढवल्या, आणि त्या ओळीखाली कर्नलची आवृत्ती, मग मशीनचं नाव, मग रॅम, असं एकेक उमटू लागलं.

चिकटवून झाल्यावर आणखी एक वेष्टन लागतं. जुना यू-बूट ६४ बाइटांचं एक शीर्षक मागतो. त्यात फाइल रॅममध्ये कुठे ठेवायची, कुठून सुरू करायची आणि बेरजेची पडताळणी, म्हणजे सीआरसी, असते. शीर्षक लावण्याआधी नकाशा चिकटवायचा. उलट केलं तर पडताळणीच्या हिशोबात नकाशा धरला जात नाही.

अपग्रेड करणाऱ्यांची मोठी फसगत याच्या पुढे होते. पीसीवर कर्नलचं पॅकेज अपग्रेड केलं की काम संपतं. नॅसमधला बूटलोडर मात्र अनेकदा डिस्ककडे बघतही नाही. तो बोर्डावरच्या छोट्या फ्लॅश चिपमधून कर्नल उचलतो. म्हणजे डिस्कवर नवा कर्नल आला तरी सुरू होतो तो जुनाच. त्यात जुन्या कर्नलचे मोड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलीत ठेवलेले ड्रायव्हर, डिस्कवरून पुसले गेलेले असले तर त्याला ड्रायव्हर सापडत नाहीत आणि डबा नेटवर्कवरून गायब होतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणात यासाठी फ्लॅश-कर्नल नावाचं साधन आहे. ते यंत्र ओळखतं, नकाशा चिकटवतं, शीर्षक लावतं आणि फ्लॅशमध्ये लिहितं. अपग्रेडनंतर रीबूट करण्याआधी ते खरंच चाललं का, हे पडद्यावर वाचा.

जागेची अडचणही खरी आहे. क्यूनॅप कंपनीच्या टीएस-२१९ या नॅसमध्ये फ्लॅश १६ मेगाबाइटची. त्यात कर्नलसाठी २ मेगाबाइट आणि आरंभीच्या रॅमडिस्कसाठी (खरी डिस्क सापडेपर्यंत रॅममध्ये वापरायच्या फाइली) ९ मेगाबाइट. बूटलोडर मोजून २ मेगाबाइट उचलतो, एक बाइट जास्त नाही. आजचा डेबियनचा कर्नल तेवढ्यात मावत नाही. कोंबला तर शेपूट कापली जाते आणि यू-बूट 'बॅड डेटा सीआरसी' म्हणून थांबतो. वाट दोन तऱ्हांनी निघते. एकतर यू-बूटची सुरुवातीची कमांड बदलून कर्नल डिस्कवरून किंवा यूएसबीवरून वाचायला लावायचा. नाहीतर त्या २ मेगाबाइटच्या जागेत एक नवा, लहान यू-बूट ठेवायचा. जुना त्याला कर्नल समजून सुरू करतो, आणि तो पुढे डिस्कवरचा खरा कर्नल आणतो. रॅमडिस्क लहान ठेवायला तिच्यात आपल्या यंत्रापुरतेच मोड्यूल घ्यायची सोय आहे.

'चालतंय ना, मग हात लावू नका' हा संगणकाच्या जगातला मोठा अंधविश्वास आहे, आणि ते ९२ हजार डबे बहुतेक त्यावरच जगत होते. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे 'दोन डिस्कचं रेड आहे, बॅकअप कशाला'. रेड म्हणजे इथे तोच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवणं, आणि ते एक डिस्क मेल्यावर उपयोगी पडतं. चुकून पुसलेली फाइल ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसतं. 'डबा बिघडला, डेटा गेला' हेही बहुधा खोटंच. यातले बरेच डबे लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड आणि ईएक्सटी फाइलसिस्टम वापरतात. तीच डिस्क लिनक्सच्या पीसीला लावली तर एमडीएडीएम हे लिनक्सचं रेडचं साधन ती वाचतं.

बूटलोडरच पुसला गेला तरी कर्कवूडसाठी एक उपाय उरतो. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा कोड असतो, आणि बहुतेक चिपांत तो सुरुवातीला सिरियल तारेवर कान देतो. केडब्ल्यूबूट नावाचं साधन पीसीवरून ठरलेले आठ बाइट सतत पाठवत राहतं. त्या क्षणी डब्याला वीज दिली की चिप ते ओळखते आणि तारेवरून नवा बूटलोडर रॅममध्ये घेते. याने मेलेला म्हणून टाकलेला डबा परत बोलायला लागतो.

वेळ मात्र कमी उरली आहे. कर्कवूड एआरएमव्ही५ घराण्यातला, त्यात दशांश गणिताचं वेगळं यंत्र नाही. डेबियनमध्ये अशा चिपांसाठी आर्मेल नावाची शाखा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ हे तिचं शेवटचं. त्यात आर्मेलचा इन्स्टॉलर नाही आणि कर्नलची पॅकेजं फक्त रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पहिल्या पिढीसाठी आणि झीरोसाठी. कर्कवूडवाल्यांना डेबियन १२ वरून चढता येतं, पण कर्नल स्वतः बांधावा लागतो किंवा दुसऱ्याने बांधलेला घ्यावा लागतो. तरी मी ते करायला सांगेन. १३ मध्ये आर्मेलची वेळ ६४ बिटांची झाली आहे. ३२ बिटांची वेळ १९ जानेवारी २०३८ ला, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते. डेबियन सोडायचं असेल तर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्समध्ये कर्कवूड अजून आहे.

हात घालण्याआधी फ्लॅशचे सगळे भाग एकेक करून फाइलीत उतरवा आणि त्या डब्याबाहेर ठेवा. यू-बूटच्या सेटिंगचा भाग छोटा असतो म्हणून सोडू नका. त्यात अनेकदा तुमच्या डब्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची स्वतःची ओळख, असतो, आणि तो दुसऱ्या कुठल्या डब्यातून आणता येत नाही.