ब्लू बॅज: इंग्लंडमध्ये कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा आणि वापरताना काय सांभाळायचं

ज्यांना चालणं अवघड झालं आहे, त्यांना जायच्या ठिकाणाजवळ गाडी लावता यावी म्हणून इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिल एक कार्ड देते. तेच ब्लू बॅज. १९७१ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा कार्ड नारिंगी होतं, २००० पासून ते निळं झालं. बॅज माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. त्यामुळे घरात गाडी नसलेल्या, कधी स्टिअरिंग हातात न धरलेल्या आजींनाही तो मिळू शकतो. मुलाची गाडी असो, शेजारणीची असो की टॅक्सी, आजी ज्या गाडीत बसतील तिथे बॅज लावता येतो.

आपल्या लोकांचे फॉर्म भरायला मदत करताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. कागद पुरे असतात, दुखणं खरं असतं, पण ‘चालताना काय त्रास होतो’ या प्रश्नापुढे एका ओळीत लिहिलेलं असतं, ‘थोडा त्रास आहे, हळूहळू चालते.’ कुरकुर करायची नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगात मुरलेलं असतं. फॉर्म वाचणारा अधिकारी मात्र त्यांना ओळखत नाही, त्याच्यासमोर तेवढी एक ओळ असते. त्यामुळे त्या प्रश्नाबद्दल मी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पात्रता

काही जणांना वेगळ्या तपासणीशिवाय बॅज मिळतो. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, हा दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता मिळत असेल आणि त्यात चालण्याफिरण्याच्या भागात ८ किंवा जास्त गुण असतील तर पात्रता तिथेच ठरते. ८ गुण म्हणजे साधारण ५० मीटरच्या पुढे चालता न येणं. प्रवासाच्या भागातही एक खास नोंद ग्राह्य धरतात: तीव्र मानसिक त्रासामुळे कुठलाच प्रवास करता येत नाही, म्हणून मिळालेले १० गुण. त्याच भागात दुसऱ्या कारणाने १० गुण असले तर ते या थेट पात्रतेत बसत नाहीत. याशिवाय डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स या अपंगत्वाच्या भत्त्याचा वरच्या दराचा मोबिलिटी हिस्सा मिळणारे आणि गंभीर दृष्टिदोष असल्याची नोंद झालेले लोक थेट पात्र ठरतात. लष्करी सेवेतल्या दुखापतीच्या काही भरपाई योजनांतले लोकही यात येतात.

ज्येष्ठांच्या बाबतीत गोंधळ होतो तो इथे. सरकारी पेन्शनचं वय झाल्यावर पिपसाठी नव्याने अर्ज करता येत नाही, अटेंडन्स अलाउन्स हा ज्येष्ठांसाठीचा वेगळा भत्ता मागावा लागतो. त्या अलाउन्समध्ये चालण्याफिरण्याचा हिस्साच नसतो. त्यामुळे त्याचं पत्र हातात असलं तरी बॅज आपोआप मिळत नाही. पण म्हणून मार्ग बंद झाला असंही नाही. अर्ज दुसऱ्या वाटेने, कौन्सिलच्या तपासणीतून करायचा असतो, आणि बहुतेक आजी-आजोबांची वाट हीच असते.

या वाटेने जाताना आजाराच्या नावापेक्षा त्या आजाराचा चालण्यावर होणारा परिणाम पाहतात. अजिबात चालता न येणं, कोणाच्या हाताशिवाय किंवा काठी-वॉकरशिवाय पाऊल न टाकता येणं, वेदना, धाप किंवा लागणारा वेळ यांमुळे चालणं फार कठीण होणं, चालण्याने जिवाला धोका असणं, ही त्याची उदाहरणं. त्रास निदान तीन वर्षं तरी टिकणारा असावा लागतो. म्हणजे पाय मोडला आणि प्लास्टर आहे, एवढ्यावर बॅज मिळत नाही. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या त्रासांचाही स्पष्ट विचार होतो. ऑटिझम असलेला मुलगा गाडीतून उतरताच रस्त्यावर धाव घेतो, डिमेन्शिया झालेले आजोबा धावत्या वाहनांसमोर जातात, अशा धोक्यांबद्दल मोकळेपणाने लिहा. आपल्याकडे या गोष्टी चार लोकांत बोलायला आईवडील कचरतात, पण अर्जात त्या लपवून नुकसान मुलाचंच होतं.

तीन वर्षांखालच्या बाळासोबत सतत जड वैद्यकीय उपकरण न्यावं लागत असेल, किंवा उपचारासाठी त्याला नेहमी गाडीजवळच ठेवावं लागत असेल, तर त्यालाही बॅज मिळतो.

भारतातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या आईवडिलांना मात्र या योजनेचा उपयोग नाही, कारण अर्जदार त्या कौन्सिलच्या हद्दीत राहणारा असावा लागतो. भारतातलं अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड दाखवूनही इथे पार्किंगचा हक्क मिळत नाही.

कागदपत्रं आणि अर्ज

अर्ज सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावरून ऑनलाइन करा. तिथे पोस्टकोड टाकला की तो आपल्या कौन्सिलकडे जातो. ऑनलाइन जमत नसेल तर कौन्सिलकडून कागदी फॉर्म मागवता येतो. इंग्लंडमध्ये फी जास्तीत जास्त १० पौंड आहे, स्कॉटलंडमध्ये २० पर्यंत, वेल्समध्ये काहीच नाही. कोणी याहून जास्त मागत असेल तर ते सरकारी पान नाही, तिथून लगेच बाहेर पडा.

हाताशी ठेवायचं ते असं: चेहरा व खांदे दिसतील असा अलीकडचा फोटो, ओळखीसाठी पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, पत्त्यासाठी कौन्सिल टॅक्सचं बिल, नॅशनल इन्शुरन्स नंबर असल्यास तो आणि जुना बॅज असल्यास त्याचा क्रमांक. पिपच्या निर्णयाच्या पत्रातलं गुणांचं पान हमखास मागे राहतं, म्हणून पूर्ण पत्रच जोडा. तपासणीच्या वाटेने जाणाऱ्यांनी औषधांची यादी, हॉस्पिटलची पत्रं, झालेली आणि ठरलेली ऑपरेशनं, घरात वापरत असलेली साधनं हेही द्यावं.

आता त्या प्रश्नाबद्दल. ‘आईला गुडघेदुखी आहे, फार चालवत नाही’ असं लिहिण्यापेक्षा हे बघा: ‘घरापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत साधारण ४० मीटर अंतर आहे. तेवढ्यात आई दोनदा थांबते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझा दंड धरते. पेटीपाशी पोचेपर्यंत पाच मिनिटं जातात आणि भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. इतकं चालणं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पलंगावरून उठवावं लागतं.’ अंतर, वेळ, थांबे, आधार आणि नंतरचे हाल, या पाच गोष्टी आल्या की वाचणाऱ्याला आई चालताना दिसते. अंतर अंदाजाने लिहू नका, फोनवरच्या नकाशात मोजून घ्या. बऱ्या दिवसाचं लिहा, वाईट दिवसाचंही लिहा, आणि आठवड्यात वाईट दिवस किती येतात तेही. वाढवून काही लिहायची गरज नाही. जे रोज घडतं ते पूर्ण लिहिलं तरी पुरतं.

कौन्सिल तपासणीला बोलावू शकते. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट थोडं चालायला सांगतात आणि प्रश्न विचारतात. आपली ज्येष्ठ मंडळी नेमकी तिथे ताठ होतात. समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून झपझप चालतात, ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘आय ॲम फाइन’ म्हणतात. त्यांना आदल्या दिवशी समजावून सांगा: रोज चालता तसंच चाला, थांबावंसं वाटलं तर थांबा, दुखलं तर तिथल्या तिथे सांगा. इंग्रजीत बोलायला अडचण असेल तर दुभाषा हवा असल्याचं आधीच कळवा.

निर्णयाला बारा आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. नकार आला तर कौन्सिलने कारण द्यायलाच हवं. महत्त्वाची माहिती विचारात घेतली गेली नाही असं वाटत असेल तर फेरविचार मागा, आणि तो मागताना नेमकं काय सुटलं ते दाखवा. पुढे त्रास वाढला तर नव्याने अर्ज करता येतो.

वापर

बॅज डॅशबोर्डवर, व्हीलचेअरचं चिन्ह असलेली बाजू वर आणि फोटोची बाजू खाली, बाहेरून तारीख वाचता येईल असा ठेवायचा. रस्त्यावरच्या मीटरच्या जागी सहसा पैसे पडत नाहीत. एरवी गाडी लावायला बंदी असलेल्या एकेरी किंवा दुहेरी पिवळ्या रेषांवर तीन तासांपर्यंत गाडी लावता येते, मात्र त्यासाठी बॅजसोबत मिळणारं, काटे हाताने फिरवायचं निळं पार्किंग घड्याळ आल्याची वेळ दाखवत शेजारी ठेवावं लागतं. घड्याळ विसरलं तर बॅज असूनही दंड होतो. तीन तासांनी गाडी काढली की त्याच रस्त्यावर तासाभरात परत लावता येत नाही. फुटपाथच्या कडेवर पिवळ्या आडव्या खुणा असतील तर तिथे माल चढवण्या-उतरवण्यालाही बंदी आहे असं समजा, तिथे बॅज चालत नाही. झिगझॅग रेषा, क्लिअरवे (जिथे थांबायलाच बंदी असते ते रस्ते) आणि चालू वेळेतली बस लेन इथेही नाही. स्कॉटलंडमध्ये पिवळ्या रेषांवर तीन तासांची मर्यादा नाही.

सुपरमार्केट, हॉस्पिटल आणि खासगी कार पार्कचे नियम त्यांचे त्यांचे असतात, बॅज असला तरी पैसे घेऊ शकतात. तिथला बोर्ड वाचल्याशिवाय गाडी सोडू नका. मध्य लंडनमध्ये सिटी ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि कॅमडेनच्या काही भागात ही योजना पूर्ण लागू नाही, तिथले नियम निघण्यापूर्वी बघा. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्यासाठी लागणाऱ्या कंजेशन चार्जमधून सूट मिळते, पण आधी टीएफएलकडे, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेकडे, नोंदणी करावी लागते.

आजी घरी आहेत आणि मुलगा त्यांचा बॅज लावून स्वतःच्या खरेदीला गेला, तर तो गैरवापर. त्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि बॅजही जप्त होतो. आजींना सोडायला किंवा आणायला गेला असेल तर हरकत नाही. आजींना गाडीत बसवून ठेवून बाकीच्यांनी दुकानं फिरणंही नियमाला धरून नाही. आपल्या घरांत हे भोळेपणाने होतं, पण त्यात खऱ्या गरजवंताची जागा जाते.

बॅज जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि आपोआप नवा येत नाही. मुदत संपायच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज टाका. घर बदलून दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत गेलात तर कळवा. बॅजधारकाचं निधन झालं तर बॅज कौन्सिलला परत पाठवावा लागतो.