प्राथमिक विज्ञान व तंत्रज्ञान अध्यापनाची पूर्वतयारी

प्राथमिक शाळेत विज्ञान व तंत्रज्ञान शिकवता यावे म्हणून छात्राध्यापकांना दिले जाणारे सेवापूर्व प्रशिक्षण. विषयाचा आशय, अध्यापन पद्धती आणि प्रत्यक्ष वर्गातले सराव पाठ हे त्याचे मुख्य भाग.

प्राथमिक शिक्षक बहुधा सगळेच विषय शिकवतो. छात्राध्यापक झालेल्या अनेकांचा विज्ञानाशी संबंध सुटून बरीच वर्षे लोटलेली असतात आणि काहींना त्याची धास्तीच असते. मनात धास्ती असली की धडा वाचून दाखवला जातो, प्रयोग फळ्यावरच्या आकृतीत उरकतो आणि मुलांचे प्रश्न टाळले जातात. म्हणून सुरुवात व्याख्यानाने न करता साहित्य हाताळण्याने करावी, हेच योग्य.

एक सेल, एक छोटा बल्ब आणि तारेचा एकच तुकडा देऊन बल्ब पेटवायला सांगणे, हा त्यासाठीचा जुना आणि आजही गुणकारी उपक्रम. परिपथाची, म्हणजे वीज वाहण्याच्या बंद मार्गाची, व्याख्या तोंडपाठ असलेले पदवीधरही येथे अडतात. पुष्कळजण सेलचे एक टोक तारेने बल्बच्या बुडाला जोडतात आणि वाट पाहतात. नळातून पाणी यावे तशी वीज बल्बात येईल, ही समजूत त्यामागे असते. बल्बचे बूड सेलच्या एका टोकावर टेकवून दुसऱ्या टोकाची तार बल्बच्या धातूच्या कडेला लावली की तो पेटतो. बल्बलाही दोन जोड लागतात, हे तेव्हा उमगते. लहान मुलेही नेमकी अशीच जोडणी करून पाहतात. स्वतः त्या चुकीतून गेलेला शिक्षक ती वर्गात लगेच ओळखतो आणि तिच्यावर काट मारण्याऐवजी ‘वीज कुठून कुठे जाते, दाखव बरं’ असे विचारतो.

आशय येणे आणि तो शिकवता येणे यांमधल्या या खास ज्ञानाकडे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये लक्ष वेधले. मुले कुठे अडखळतात, कोणते उदाहरण उपयोगी पडते, कोणती उपमा दिशाभूल करते, हे त्यात येते.

प्रश्न विचारणे हेही शिकावे लागते. विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असत. थांबणे तीन सेकंदांवर नेताच मुलांची उत्तरे लांबली आणि उत्तर न देणाऱ्यांची संख्या घटली. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे थोड्या विद्यार्थ्यांपुढे घेतलेल्या पाच-दहा मिनिटांच्या पाठात, असे एकेक कौशल्य घोटवून घेता येते. नवख्या शिक्षकाला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात.

तंत्रज्ञानाची बाजू प्रशिक्षणात सहसा दुबळी राहते. संगणक हाताळता आला की ते आले, असे मानले जाते. खरे तर गरज ओळखणे, आराखडा काढणे, वस्तू बनवणे, ती तपासणे आणि सुधारणे हा त्याचा गाभा आहे. कागदाचा पूल वजनाने कोसळला, तर छात्राध्यापकाने तो मुलांसाठी दुरुस्त करू नये. कुठून वाकला ते त्यांनाच पाहू द्यावे.

फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मुलांच्या प्रयोगवहीला मोठे स्थान मिळाले. मुलाचा आधीचा अंदाज, त्याने केलेली कृती आणि दिसलेले निरीक्षण त्याच्याच शब्दांत तीत नोंदले जाते. सराव पाठाचे मूल्यमापन करताना पाठ टाचणाबरोबर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याबरोबर, अशा वह्याही उघडून पाहाव्यात.