प्लेबियन ट्रिब्यून (प्राचीन रोम)

प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकातलं एक पद, लॅटिनमध्ये त्रिबुनुस प्लेबिस, म्हणजे सामान्य जनतेने निवडून दिलेला तिचा माणूस. ना हाताखाली सैन्य, ना कॉन्सुलपुढे (रोमचे सर्वोच्च अधिकारी, दरवर्षी दोन निवडले जायचे) चालायचे तसे शिपाई. याच्याकडे मुख्य हत्यार एकच, 'नाही' म्हणायचं, आणि त्या एका 'नाही'वर रोमचं राजकारण कितीतरी शतकं अडत राहिलं. व्हेटो हा शब्द मूळ लॅटिनच, अर्थ 'मी मनाई करतो'.

सुरुवात इ.स.पू. 494 ची सांगतात. 509 च्या सुमारास राजाला हाकललं खरं पण सत्ता गेली मोजक्या पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या उमराव घराण्यांकडे, बाकीचे सगळे प्लेबियन. (प्लेबियन म्हणजे गरीबच असं नाही हं, पुढे त्यांच्यातही गडगंज लोक होते.) कर्ज फिटलं नाही की माणूस सावकाराकडे वेठीला जायचा. शेवटी ऐन लढाईच्या दिवसांत हे लोक शहर सोडून जवळच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले, म्हणजे चक्क संप, आणि सैन्य तर त्यांचंच बनलेलं, त्यामुळे सिनेटची, म्हणजे बड्या लोकांच्या राज्यसभेची, पंचाईत झाली. मग समजूत घालायला मेनेनियस अग्रिपा गेला, त्याने हातपाय पोटावर रुसतात ती गोष्ट सांगितली म्हणे. लिव्ही या रोमन इतिहासकाराने हे सगळं साडेचारशेहून जास्त वर्षांनी लिहिलंय तेव्हा तपशील शब्दशः धरू नयेत. पण गोष्टीने कोणी खाली उतरलं असेल असं वाटत नाही, उतरले ते ट्रिब्यून मिळाले म्हणून. आधी थोडेच होते, नंतर त्यांची संख्या 10 झाली.

आता शिपाई नसताना याचं ऐकायचं कोणी? तर प्लेबियन लोकांनी शपथच घेतली की ट्रिब्यूनला जो हात लावेल त्याला मारायची मोकळीक. त्याचं अंग पवित्र मानलं जायचं. एखाद्याला अधिकारी पकडून नेतोय आणि ट्रिब्यून मध्ये उभा राहिला की विषय संपला. त्यासाठी त्याने सापडायला हवं ना, म्हणून घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं आणि शहराबाहेर मुक्काम करायचा नाही असा नियम. इ.स.पू. 287 च्या होर्टेन्सियस कायद्याने प्लेबियन सभेचे ठराव सगळ्या रोमला लागू झाले, म्हणजे ट्रिब्यून कायदेही करू लागला.

पण यात एक मोठी फट होती. एक ट्रिब्यून दुसऱ्यालाही अडवू शकायचा, म्हणजे दहातला एक गळाला लागला की सिनेटचं काम झालं. इ.स.पू. 133 मध्ये टायबेरियस ग्राकसने 500 युगेरांवरची (साधारण 300 एकर) सरकारी जमीन बळकावणाऱ्यांकडून काढून गरिबांना वाटायचा कायदा आणला तेव्हा ऑक्टेव्हियस या सहकारी ट्रिब्यूनने असाच खोडा घातला. टायबेरियसने सभेकडून त्यालाच पदावरून काढवलं! हे आधी कधी झालेलं नव्हतं, आणि माझ्या मते हेतू कितीही चांगला असला तरी पदाचा पाया इथे पहिल्यांदा हलला. मग तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिल्यावर सिनेटर मंडळी बाकांचे तुटके पाय घेऊन धावून आली, 300 च्या वर माणसं मेली, तोही मेला, प्रेतं टायबर नदीत. ती शपथ वगैरे कोणाच्या कामी आली नाही. भाऊ गायस 121 मध्ये तसाच संपला.

पुढे सुल्ला या सेनापतीने हुकूमशहा झाल्यावर या पदाचे पंखच छाटले, एकदा ट्रिब्यून झालेल्याला वरची पदं बंद. इ.स.पू. 70 पर्यंत ते सगळं परत मिळालं, पण आता बडे सरदार ट्रिब्यून हाताशी धरून खेळत होते. क्लोडियस नावाचा पुढारी तर जन्माने पॅट्रिशियन, ट्रिब्यून होता यावं म्हणून वयाने आपल्यापेक्षा लहान प्लेबियन माणसाला दत्तक गेला. इ.स.पू. 49 मध्ये सेनापती सीझरने सैन्य घेऊन रुबिकॉन ही हद्दीवरची नदी ओलांडली, म्हणजे बंडच केलं, तेव्हाही ट्रिब्यूनांचा अपमान झाला हे एक कारण पुढे केलं होतं.

शेवटची खेळी ऑगस्टसची, म्हणजे रोमच्या पहिल्या बादशहाची. तो पॅट्रिशियन, म्हणजे ट्रिब्यून होऊच शकत नव्हता, म्हणून इ.स.पू. 23 मध्ये त्याने पद न घेता नुसते अधिकार घेतले, तेही तहहयात. नंतरचे बादशहाही आपली वर्षं त्यावरूनच मोजायचे, नाण्यांवर टी, आर, पी अशी अक्षरं दिसतात ती त्याचीच (टीव्हीवाल्या टीआरपीशी संबंध नाही). खरे ट्रिब्यून दरवर्षी नेमले जात राहिले, पण करिअरमधली एक पायरी म्हणून.