ग्लासगोमधील युद्धकालीन बालपण (१९३९–४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आणि त्याला लागून असलेल्या क्लाइडबँकसारख्या क्लाइड नदीकाठच्या गावांत वाढलेल्या मुलांचे जीवन व त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणी हा या नोंदीचा विषय आहे. क्लाइडबँक कारभाराच्या दृष्टीने स्वतंत्र गाव. पण तिथले आणि ग्लासगोचे कामगार एकाच ट्रामने कामावर जात आणि एकाच नदीवरच्या गोद्यांत राबत, त्यामुळे आठवणींमध्ये ही दोन्ही ठिकाणे वेगळी काढता येत नाहीत. त्या वेळी ग्लासगोची लोकसंख्या अकरा लाखांच्या घरात होती. जहाजबांधणी, आगगाडीची इंजिने, पोलाद आणि कोळसा यांवर शहर जगत होते. स्प्रिंगबर्न भागात तयार झालेली इंजिने रस्त्यावरून ओढत धक्क्यावर नेत आणि तिथून ती परदेशी, भारतातसुद्धा, रवाना होत. ती मिरवणूक बघायला मुले फुटपाथवर गर्दी करत.

या पिढीच्या आठवणी समजायच्या तर आधी ‘क्लोज’ समजून घ्यावा लागतो. ग्लासगोचे कामकरी कुटुंब टेनेमेंटमध्ये, म्हणजे वालुकाश्माच्या तीन-चार मजली इमारतीत राही. रस्त्यावरून आत शिरणारी बोळासारखी सामाईक वाट म्हणजे क्लोज. तिच्या शेवटी दगडी जिना, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे आणि जिन्याच्या वळणावर त्या बिऱ्हाडांत मिळून एक संडास. एकाच खोलीच्या घराला ‘सिंगल-एंड’ म्हणत. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची खोली, आणि पलंग भिंतीतल्या कोनाड्यात पडद्याआड. इमारतीच्या मागे ‘बॅक-कोर्ट’ नावाचे आवार असे. धुण्याची खोली, कचऱ्याचे डबे, वाळत घातलेले कपडे आणि मुलांचे सगळे जग त्या आवारात मावे. १९३५ च्या सुमारास झालेल्या पाहणीत स्कॉटलंडमधील जवळजवळ एक चतुर्थांश घरे प्रमाणाबाहेर गजबजलेली आढळली. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते, आणि ग्लासगोची स्थिती स्कॉटलंडच्या सरासरीहूनही वाईट होती. मुलांना मात्र ही गर्दी गर्दी वाटत नसे. खेळता खेळता भूक लागली की खालूनच आईला हाक मारायची, मग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कागदात गुंडाळलेला जॅम लावलेला पाव खाली यायचा. त्याला ‘जीली पीस’ म्हणत. तो झेलता आला नाही तर धूळ झटकून खायचा. फरशीवर खडूने घरे आखून बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीने ठिकरीसारखा खेळ चाले, त्याचे नाव ‘पीव्हर’. मुलगे गोट्या आणि फुटबॉल खेळत.

युद्ध पुकारले जाण्याच्या दोन दिवस आधीच मुलांना शहराबाहेर हलवायला सुरुवात झाली. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत ग्लासगोमधून सुमारे १,२०,००० मुले बाहेर गेली. शाळकरी मुले शिक्षकांबरोबर निघाली, पाच वर्षांखालची आईबरोबर. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यातला गॅसमास्क आणि हातात बदलायच्या कपड्यांचे गाठोडे घेऊन मुले शाळेच्या पटांगणात रांगेत उभी राहिली. गाडी कुठे जाणार हे बऱ्याच आयांना माहीत नव्हते. कोणी पर्थशरला पोहोचले, कोणी अर्गाइलला, कोणी दक्षिणेला डम्फ्रीसच्या बाजूला. गावच्या सभागृहात मुलांना उभे करून गावकरी आपापल्या पसंतीने निवडून नेत. दोन भावंडांना एकत्र ठेवायला तयार घर मिळाले नाही की ती तिथेच वेगळी होत. सगळ्यांत शेवटी उरण्याची ती काही मिनिटे अनेकांनी म्हातारपणी सांगितली आहेत. बॉम्बहल्ल्याच्या रात्रीपेक्षा हीच आठवण पुष्कळांच्या मनात खोल रुतलेली दिसते. असे का, याचे उत्तर अवघड नाही: त्या रात्री आई जवळ होती.

मूल ठेवून घेणाऱ्या घराला सरकार आठवड्याला दहा शिलिंग सहा पेन्स देई, एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी आठ शिलिंग सहा पेन्स. गावकऱ्यांच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या: डोक्यात उवा, अंगावर खरूज, रात्री अंथरुणात लघवी, बोलणे रांगडे. आयरिश वंशाच्या कॅथलिक मुलांना जवळपास कॅथलिक चर्च नसलेल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, गावांत पाठवल्यामुळे रविवारचा प्रश्न निराळाच उभा राहिला. वर्तमानपत्रांतून या मुलांच्या ‘सवयीं’वर बरीच टीका झाली. ती अन्यायाची होती. जिन्यावरच्या एका संडासावर तीन कुटुंबे आणि न्हाणीघर नाही, अशा घरातले मूल आणखी कसे असणार? शिवाय आईपासून तुटलेले सहा वर्षांचे पोर रात्री अंथरूण ओले करते, यात सवयीचा काय संबंध? या टीकेतून एक चांगली गोष्ट मात्र झाली. आजवर शहराच्या भिंतीआड दडलेले दारिद्र्य सुखवस्तू लोकांच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि मुलांचे दूध, पोषण, घरे हे प्रश्न सरकारला टाळता येईनासे झाले. जुलै १९४० पासून पाच वर्षांखालील मुलांना व गरोदर बायांना रोज एक पिंट दूध अगदी कमी दरात, आणि ज्यांना तेही परवडत नसे त्यांना फुकट मिळू लागले. पुढे लहानग्यांसाठी कॉडलिव्हर ऑइल आणि संत्र्याचा रस आला. मुडदूस झालेली वाकड्या पायांची मुले ज्या शहरात गल्लोगल्ली दिसत, तिथे ही छोटी गोष्ट नव्हती. कॉडलिव्हर ऑइलची चव मात्र त्या पिढीतला कोणीही प्रेमाने सांगत नाही.

बॉम्ब काही पडले नाहीत, त्यामुळे १९३९ च्या नाताळापर्यंत गेलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश परत आले. शहरात निवारे बांधून झाले नव्हते म्हणून बऱ्याच शाळा बंदच होत्या. ज्या उघडल्या त्या अर्ध्या दिवसाच्या. क्लोजचे रूप आता बदलले होते. स्फोटाचा धक्का आत शिरू नये म्हणून त्याच्या तोंडासमोर फुटपाथवर विटांची आडभिंत उभारली होती, आत लोखंडी आणि लाकडी टेकू दिले होते. ब्लॅकआउटच्या, म्हणजे शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून दिवे झाकण्याच्या, अंधारात धावत घरी येणारी मुले त्या भिंतीवर आपटत, आणि कपाळावरची ती खोक पुढे आयुष्यभर दाखवायला उरे. मागच्या आवारात विटांचे, काँक्रीटच्या सपाट छपराचे निवारे आले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लाल-निळ्या रंगाचा खास गॅसमास्क होता. त्याला लोक ‘मिकी माउस’ म्हणत. रबराच्या वासाने मुले रडत, पण जोराने श्वास सोडला की गालाशी पर्र्र असा आवाज निघतो हे एकदा कळल्यावर वर्गात शिस्त राहत नसे.

समुद्रावरचे युद्ध या बंदराच्या शहरात पहिल्याच आठवड्यात पोहोचले. ग्लासगोच्या एका कंपनीची ‘अथेनिया’ ही प्रवासी बोट १ सप्टेंबरला, म्हणजे मुलांच्या गाड्या सुटत होत्या त्याच दिवशी, ग्लासगोहून निघाली आणि ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागून दुसऱ्या सकाळी बुडाली. एकशे सतराजण गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांना ग्रीनॉकमार्गे ग्लासगोलाच आणले. वर्षभराने ‘सिटी ऑफ बनारस’ बुडाली. ग्लासगोतल्या बार्कले कर्ल कंपनीच्या गोदीत १९३६ साली बांधलेली ही बोट एरवी लिव्हरपूल आणि मुंबईच्या दरम्यान ये-जा करी, आणि तिच्यावरचे बहुसंख्य खलाशी भारतीय होते. सप्टेंबर १९४० मध्ये ती सरकारी योजनेखाली नव्वद मुलांना कॅनडाला घेऊन निघाली होती. १७ तारखेच्या रात्री टॉर्पेडो लागला आणि त्यांतली ७७ मुले गेली. एक होडी आठ दिवस अटलांटिकमध्ये भरकटत राहिली. तिच्यात सहा मुलगे आणि तीसहून अधिक भारतीय खलाशी होते. विमानाच्या नजरेस पडल्यावर त्यांना क्लाइडच्या मुखाशी गूरॉकला उतरवले गेले. मुलांना परदेशी पाठवण्याची योजना त्यानंतर थांबली. या प्रसंगाविषयीच्या लेखनात मुलांची नावे आदराने नोंदलेली असतात, खलाशांचा मात्र बहुधा आकडाच येतो. मराठी वाचकाला ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही, कारण मुंबई बंदरातून बोटीवर चढणाऱ्यांची घरे आपल्याकडेही आहेत.

इटालियन घरांतल्या मुलांच्या वाट्याला निराळेच युद्ध आले. ग्लासगोत आइस्क्रीम आणि मासे-बटाट्याच्या तळणीची दुकाने बहुतकरून इटलीतून आलेल्या कुटुंबांची होती, आणि रविवारी शिलकीतली पेनी तिथेच खर्च होई. १० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारले. त्या रात्री जमावाने या दुकानांच्या काचा फोडल्या. पुरुषांना पकडून स्थानबद्ध केले. त्यांच्यापैकी काहींना कॅनडाला नेणारी ‘अरान्डोरा स्टार’ २ जुलैला बुडाली. आठशेवर माणसे गेली, त्यांत चारशेवर इटालियन होते. ज्या मुलाच्या बापाने कालपर्यंत सगळ्या गल्लीला आइस्क्रीम वाढले, त्याच मुलाला शाळेत शत्रू म्हणून हिणवले गेले. या घरांतून हा विषय पुढे कित्येक वर्षे बोलला जात नव्हता. ग्लासगोच्या सेंट अँड्र्यू कॅथीड्रलशेजारी त्यांचे स्मारक २०११ साली झाले.

१३ मार्च १९४१, गुरुवार. पौर्णिमेची स्वच्छ रात्र होती आणि नदी चांदण्यात लखलखत होती. नऊच्या सुमारास भोंगे झाले. सुरुवातीला कोणी फारसे मनावर घेतले नाही, कारण असे भोंगे वारंवार होत. मग आग लावणारे बॉम्ब पडले, क्लाइडबँकमधल्या सिंगर शिलाई यंत्रांच्या कारखान्यातली लाकडाची वखार पेटली, तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि पुढच्या विमानांना वाट शोधावी लागली नाही. मुले तळमजल्याच्या शेजाऱ्यांकडे, क्लोजमध्ये किंवा आवारातल्या निवाऱ्यात बसून होती. त्यांनी सांगितलेले तपशील बारीक आहेत: छताचा चुना केसांत पडत होता, कोणीतरी जपमाळ ओढत होते, कोणी मुलांचे लक्ष वळवायला गाणी म्हणून घेत होते, एका बाईने मांजराला कोटात कोंबले होते. पहाटेपर्यंत हे चालले आणि दुसऱ्या रात्री पुन्हा. दोन रात्रींत चारशेहून अधिक विमाने आली. जॉन ब्राउन या जहाजबांधणी कंपनीच्या गोदीत उभी असलेली ‘पिओरुन’ ही पोलिश विनाशिका आपल्या तोफांनी त्यांच्यावर मारा करत होती.

क्लाइडबँकमध्ये ५२८ माणसे मेली, ६१७ गंभीर जखमी झाली. गावातल्या सुमारे १२,००० घरांपैकी धक्का न लागलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आणि ३५,००० वर लोक बेघर झाले. ग्लासगोच्या मेरीहिल आणि इतर भागांतही इमारती कोसळल्या. क्लाइडकाठची मृतांची एकूण संख्या बाराशेच्या आसपास जाते. दुसऱ्या दिवशी माणसे हातगाडीवर, बाळाच्या गाडीत, पाठीवर जे मावेल ते घेऊन गावाबाहेर चालू लागली. सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत गावाचे नाव आणि हानीचा खरा आकडा मोकळेपणी आला नाही. याचा राग क्लाइडबँकच्या लोकांनी बराच काळ मनात ठेवला, आणि तो रास्त होता. सोमवारी वर्गातले काही बाक रिकामे राहिले. त्याबद्दल बाईंनी काही विचारले नाही, असे सांगणारे अनेक आहेत.

या आठवणी साठ-सत्तर वर्षांनी सांगितल्या गेल्या हे विसरून चालत नाही. दोन रात्री एकीत मिसळतात, मोठ्यांकडून ऐकलेले स्वतः पाहिल्यासारखे वाटू लागते. तारीख आणि आकडा यांसाठी कागदपत्रेच पाहावीत. पण चुन्याचा वास, रबराचा वास, जर्मन विमानांच्या इंजिनांचा अडखळत येणारा घोगरा आवाज, यांसाठी या मुलांवाचून दुसरा साक्षीदार नाही.

त्यानंतरची चार वर्षे रोजच्या जगण्याची. वडील गोदीत किंवा सैन्यात, आई हिलिंग्टनला विमानांची मर्लिन इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात, आणि घराची किल्ली दाराच्या पत्रफटीतून आत सोडलेल्या दोरीला. मुले आजीच्या भरवशावर. सकाळी रस्त्यावर गोळ्यांचे, बॉम्बचे तुकडे वेचायचे आणि शाळेत त्यांचा विनिमय करायचा, गरम सापडलेल्या तुकड्याला भाव जास्त. शनिवारी सकाळी सिनेमा. २६ जुलै १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटही रेशनवर आले. बहुतेक काळ चार आठवड्यांना बारा औंस, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम, मिळत. ते पहिल्याच दिवशी संपवायचे की पुरवून खायचे, यावरून भावंडांचे स्वभाव कळत. केळे पाहिलेच नाही अशी मुले शाळेत दाखल झाली.

८ मे १९४५ ला युरोपातले युद्ध संपले, ग्लासगोतला जॉर्ज चौक माणसांनी भरला आणि मागच्या आवारांत शेकोट्या पेटल्या. निवाऱ्यातली बाकडी, जुनी दारे, ब्लॅकआउटच्या चौकटी, जे जळेल ते आत गेले. खिडक्यांतून दिवा बाहेर दिसतो आहे याचेच लहान मुलांना आश्चर्य वाटले, कारण त्यांना तो कधी दिसलाच नव्हता. गोळ्या-चॉकलेटचे रेशन १९४९ मध्ये काही महिने उठून पुन्हा लागले आणि ५ फेब्रुवारी १९५३ ला कायमचे गेले. तोवर युद्ध सुरू होताना पहिलीत असलेली मुले नोकरीला लागली होती.

पुढच्या दोन-तीन दशकांत गॉर्बल्ससारख्या भागांतल्या टेनेमेंट मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या आणि कुटुंबे ड्रमचॅपल, ईस्टरहाउस, ईस्ट किलब्राइड अशा नव्या वसाहतींत गेली. न्हाणीघर मिळाले, क्लोज गेला. आवारांतले विटांचे निवारे मात्र काही ठिकाणी बरीच वर्षे तसेच उभे होते. युद्धानंतर जन्मलेली मुले त्यांच्या सपाट छपरांवर चढत आणि एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारत. खालून आया ओरडत.