थिनरचा ड्रम ठेवलाय? एक्स्प्लोझिव्हचं लायसन कधी लागतं आणि अर्ज कुठे अडकतो

पेंटिंग-प्रिंटिंगवाल्या छोट्या युनिटचे मालक हमखास म्हणतात, फायर एनओसी आहे, फॅक्टरी लायसन आहे, आता अजून काय राहिलं? अहो, ते वेगळं. थिनरही कायद्याच्या भाषेत पेट्रोलियममध्येच येतो, आणि पेट्रोलियमच्या साठ्याचं लायसन (लोक त्यालाच एक्स्प्लोझिव्हचं लायसन म्हणतात) १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली मुख्यतः पेसो, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची संस्था, देतं. हेड ऑफिस नागपूरला, पण अर्ज ऑनलाइन होतो.

लायसन कोणाला लागतं ते मालाच्या फ्लॅश पॉइंटवर, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यावर, ठरतं. २३ अंशांच्या खाली असेल तर क्लास ए, आणि तो स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंतच बिनलायसन ठेवता येतो, विकायला असेल तर ही सूट नाही. २३ ते ६५ अंशांमध्ये क्लास बी, म्हणजे डिझेल वगैरे, तिथे २५०० लिटरपर्यंत सूट आहे पण एकही टाकी हजार लिटरच्या वर नको. लोक डिझेलचा आकडा ऐकून येतात आणि तोच थिनरला लावतात. थिनरमध्ये वापरतात त्या टोल्युइन या द्रावकाचा फ्लॅश पॉइंट ४ अंशांच्या आसपास, म्हणजे टोल्युइनवाल्या थिनरचा एक २०० लिटरचा ड्रम आणला की तुम्ही लायसनमध्ये आलात!

पहिली अडचण इथेच. सुट्टा थिनर घेतलेला असतो, ड्रमवर धड नाव नाही, मग क्लास कसा सिद्ध करणार? पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा, बिलासोबतच मागा, नंतर तो फोन उचलत नाही.

दुसरी अडचण जास्त महागाची. लोक आधी शेड बांधतात, मग अर्ज करतात. क्रम उलटा आहे. आधी नकाशा पेसोकडून मंजूर, मग जिल्हा प्राधिकाऱ्याची एनओसी, मग बांधकाम, मग सक्षम व्यक्तीचं सुरक्षा प्रमाणपत्र आणि शेवटी लायसन. नकाशात आजूबाजूच्या इमारती, रस्ता, विजेच्या तारा खऱ्या अंतरासकट दाखवा, शेजारचा गाळा 'विसरला' की फाइल परत. बांधलेली भिंत पाडायची वेळ आलेले लोक मी पाहिलेत म्हणून इतकं सांगतोय.

एनओसी कुठून? पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडून, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडून. चुकीच्या दारात महिनाभर बसणारे कमी नाहीत, आणि तिथलं कोणी 'हे आमच्याकडे नाही' एवढंही पहिल्या दिवशी सांगत नाही. नियमात तीन महिन्यांत निकाल द्यायचा म्हटलंय, पण पोच घेतली नसेल तर ते तीन महिने मोजायचे कुठून?

गाळा भाड्याचा असेल तर मालकाचं संमतीपत्र आधी घ्या. फी, फोटो, ओळखपत्र नेहमीचंच.

लायसन हातात आलं की त्यावरची शेवटची तारीख बघा. ती मिळालेल्या दिवसापासून मोजायची नसते, मुदत ३१ डिसेंबरला संपते, मग लायसन तुम्हाला मार्चमध्ये मिळालेलं असो की ऑक्टोबरमध्ये. नूतनीकरणाचे कागद दिवाळी झाली की लगेच काढा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर सगळेच असतात.