कोंबडीच्या जखमेत अळ्या पडल्या तर फिनेल ओतू नका

कोंबडीला कुत्र्याने धरलं, मुंगसाने ओरबाडलं नाहीतर कोंबड्याच्या नखीने पाठ फाटली की जखम पिसांखाली झाकून जाते आणि दोन-तीन दिवस कुणाला पत्ताच लागत नाही. मग ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, दाणे टिपत नाही, उचलली की कुजका वास येतो आणि पिसं बाजूला केली की आत अळ्या वळवळताना दिसतात. इथं बरेच जण हाताला लागेल ते जळजळीत काहीतरी ओततात, फिनेल, रॉकेल, तंबाखूचं पाणी. अळ्या मरतात, नाही असं नाही, पण उघड्या मांसातून तेच विष कोंबडीच्या रक्तात पण जातं. टर्पेंटाईन गाईम्हशींच्या जखमेत वापरतात हे खरं, पण म्हैस चारशे-पाचशे किलोची आणि गावरान कोंबडी जेमतेम दीड किलोची, हा हिशोब कुणी करतच नाही.

आधी माशीचं गणित बघू. हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या माश्या जखमेच्या किंवा हगवणीने बरबटलेल्या पिसांच्या वासावर येतात आणि कडेला अंडी घालतात. आपल्याकडे क्रायसोमिया बेझियाना नावाची एक जात आहे, तिची मादी एका वेळी साधारण दीडशे-दोनशे अंडी घालते, ती 12 ते 24 तासांत फुटतात, अळ्या पाच ते सात दिवस मांस खातात आणि मग खाली पडून मातीत कोष करतात. म्हणजे सकाळी स्वच्छ दिसलेली जखम दुसऱ्या दिवशी भरलेली असू शकते. आणि जखम जितकी सडते तितका वास वाढतो, तितक्या अजून माश्या येतात.

आता मुद्द्याची गोष्ट, ही अळी श्वास घेते ती मागच्या टोकाने. तोंड खाली मांसात खुपसलेलं आणि श्वासाची भोकं वर हवेत. त्यामुळे तिला मारायला विषच पाहिजे असं नाही, ती भोकं बुजवली तरी ती गुदमरून वर येते. साधं खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन जखमेत जाड भरून थोडा वेळ थांबायचं आणि वर आलेल्या अळ्या चिमट्याने उचलायच्या. ओढताना तुटू देऊ नका, तुकडा आत राहिला तर तिथं पू होतो. तेल जखमेपुरतंच लावा, सगळी पिसं तेलकट झाली तर कोंबडी गारठते.

त्याआधी जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापून घ्यायची, पण नवीन फुटलेली, दांड्यात रक्त दिसणारी पिसं कापू नका, त्यातून बरंच रक्त जातं. धुवायला 1 लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात 9 ग्रॅम मीठ टाका, सपाट दीड चहाचा चमचा होतो. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने धार मारत खोलवर धुवायचं, कारण अळ्या कातडीखाली बोगदे करतात. शेवटी पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साईड रोज फसफसवत बसू नका, नवीन येणारं मांस पण त्याने जळतं.

हे एकदा करून भागत नाही. कुठेतरी दोन-चार अंडी राहतातच, म्हणून निदान तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि परत धुवायचं. माझ्या मते बरेचसे इलाज इथंच फसतात, औषध कमी जोरदार होतं म्हणून नाही.

पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही बरं का. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी रसायनं कमी असतात, त्यामुळे आत घट्ट पिवळसर गोळा तयार होतो आणि तो आपोआप निचरत नाही, काढावा लागतो. असा गोळा लागला, जखम पोटाच्या आत गेली असेल किंवा कोंबडी उभीच राहत नसेल तर घरगुती उपाय सोडून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या 1962 या सरकारी नंबरवर फोन लावा.

आयव्हरमेक्टिन या जंत-किडे मारणाऱ्या औषधाबद्दल पण हमखास विचारतात. गाईम्हशींचं इंजेक्शन 1 टक्क्याचं असतं, म्हणजे 1 मिलीत 10 मिलिग्राम. किलोला 0.2 मिलिग्राम धरलं तर दीड किलोच्या कोंबडीला 0.03 मिली होतं, एका थेंबापेक्षा कमी. अंदाजाने अर्धा मिली टोचला तर तो पंधरापटीहून जास्त झाला. शिवाय औषध अंड्यात उतरतं. डॉक्टरांनी मोजून दिलं तरच.

"अळ्या सडलेलंच खातात, मग राहू द्या की" असं म्हणणारे पण भेटतात, आणि ते अगदीच हवेत बोलत नाहीत. विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा स्वच्छ झालेल्या बघितल्या आणि पुढे रुग्णांवर तसा उपचार केला, अमेरिकेत 2004 मध्ये त्याला रीतसर परवानगी पण मिळाली. पण त्या दुसऱ्या जातीच्या, प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या. बेझियाना जिवंत मांस खाते, आणि नुसत्या डोळ्यांनी अळीची जात ओळखणं आपल्याला जमणार नाही, तेव्हा सगळ्या काढायच्या.

काढलेल्या अळ्या बाकीच्या कोंबड्यांपुढे टाकू नका, उकळत्या पाण्यात टाका. कुजलेल्या मांसावरच्या अळ्यांत बोट्युलिझमचं विष साठू शकतं, अळीला काही होत नाही पण खाणारी कोंबडी लुळी पडते, मान टाकते. जमिनीवर सोडल्या तर मातीत शिरून त्यांच्या माश्या होणार ते वेगळंच.

बरी होईपर्यंत ती वेगळीच पाहिजे, कारण उघडी लाल जखम दिसली की बाकीच्या टोचतात. डालग्याखाली ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड टाका, पाणी जवळ ठेवा. पण डालगं खुराड्याजवळच, बाकीच्यांना ती दिसेल असं ठेवा, नाहीतर जखम सुकून परत सोडली की बाहेरची समजून तिलाच मारायला धावतात.